उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आठवड्यातून एकदाच बाहेर निघते. चार महिन्यांपूर्वी ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी घातली. तरी गाडी चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना नुसतं टक-टक होतं. गॅरेजवाले म्हणतात, बॅटरीच सदोष आहे. पुन्हा बदलू का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : लगेच नको. बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात, करंट कुठे जातोय हे शोधायला तास-दीड तास. म्हणून पहिला सल्ला बहुतेक वेळा बदलण्याचाच मिळतो.

आधी हिशोब बघा. लॉक केलेली गाडी झोपेतही २० ते ५० मिलिअँपिअर घेतेच. रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाची) मेमरी यांना तेवढं लागतं. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७ अँपिअर-अवर, म्हणजे तुमची बॅटरी अर्धी व्हायला तीनेक आठवडे लागायला हवेत. भरलेली बॅटरी चार दिवसांत बसत असेल, तर कुठेतरी २०० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातोय. किंवा ती कधी पूर्ण भरतच नाही.

त्यामुळे प्रथम बॅटरी बाहेरच्या चार्जरवर ३ ते ३.५ अँपिअरने पूर्ण भरा; पार उतरलेली असेल तर रात्रभर लागेल. मग पाच-सहा तास तशीच ठेवून व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. आता काळी (निगेटिव्ह) वायर न जोडता चार दिवस थांबा. एवढ्यात व्होल्टेज १२.५ च्या खाली घसरलं तर दोष बॅटरीचाच, वॉरंटीत बदलून घ्या. टिकलं तर चोर गाडीत आहे.

तो पकडायला साधा मल्टिमीटर पुरतो. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा. बॉनेट उघडं ठेवावं लागतं, म्हणून त्याच्या लॉकमध्ये स्क्रूड्रायव्हर फिरवून ते बंद झाल्याचं गाडीला भासवा (काम संपल्यावर लॉक सोडवायला विसरू नका, नाहीतर बॉनेट बसणार नाही). चावी घरात ठेवा. काळी वायर सोडवा आणि मीटर ती वायर व बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन चालू करू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज जाईल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. घाबरू नका, कंट्रोल युनिट्स जागी झालेली असतात. अर्धा-पाऊण तास थांबा. पुष्कळजण इथेच घाई करतात आणि नसलेला दोष शोधत बसतात. आकडा ०.०५ अँपिअरच्या खाली आला तर गाडी ठीक. ०.२० वरच अडला तर पुढे चला.

एकेक फ्यूज उपटून बघायची जुनी पद्धत चालते, पण फ्यूज परत बसवला की झोपलेलं युनिट पुन्हा जागं होतं. त्यापेक्षा लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात घालून, मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या टोकांना प्रोब लावा. मात्र त्याआधी काळी वायर पूर्ववत जोडून गाडी पुन्हा झोपू द्या. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून करंट नाही. १० अँपिअरच्या फ्यूजवर सुमारे १.५ मिलिव्होल्ट दिसले तर साधारण ०.२ अँपिअर जातोय. त्या फ्यूजवर काय काय आहे ते झाकणावर लिहिलेलं असतं.

संशय आधी बाहेरून बसवलेल्या गोष्टींवर घ्या. स्टिरिओची पिवळी वायर कायम सप्लायवर आणि लाल इग्निशनवर हवी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळल्या असतील तर स्टिरिओ झोपतच नाही. मग जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले दोष वाचायला स्कॅनर लावतात तिथे) लावून ठेवलेलं उपकरण, डिकीचा न विझणारा दिवा. सतत चालू राहिलेला रिलेही (विजेवर चालणारा स्विच) तपासा: त्याची कॉइल एकटीच १५० मिलिअँपिअरच्या आसपास खाते आणि हाताला कोमट लागते.

एकाही फ्यूजवर काही दिसलं नाही, तर संशय अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या) डायोडवर. काळी वायर काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा पडला तर दोष तिथेच.

प्रश्न : डॅशकॅम पार्किंग मोडवर ठेवला तर चालेल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : रात्रभर चालेल, आठवडाभर नाही. ०.२५ अँपिअर घेणारा कॅमेरा दिवसाला ६ अँपिअर-अवर संपवतो. व्होल्टेज उतरल्यावर आपोआप बंद करणारं हार्डवायर किट वापरा आणि कट-ऑफ १२.२ वर ठेवा, ११.८ वर नको. तिथवर बॅटरी जवळपास रिकामी होते आणि तशी पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं.

प्रश्न : महिनाभर गावी जाणार आहोत. शेजाऱ्यांनी गाडी रोज दहा मिनिटं नुसती चालू केली तर पुरेल ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. उतरलेली बॅटरी करंट सावकाश घेते, दहा मिनिटांत फारसं भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवणारं कोणी असेल तर उत्तम. नसेल तर बॅटरी भरून १० नंबरच्या पान्ह्याने काळी वायर काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना हाच पाना लागतो. मात्र बॅटरी डिकीत असेल आणि डिकी फक्त बटणाने उघडत असेल, तर वायर काढण्याआधी ती चावीने उघडता येते का ते बघा. परत आल्यावर घड्याळ आणि काचांचं ऑटो-अप पुन्हा सेट करावं लागेल.