प्रकृती 'तोळामासा' म्हणजे नेमकी कशी?

प्रश्न असा आला आहे : 'आजींची प्रकृती तोळामासा आहे' म्हणजे त्या वजनाने अगदी हलक्या, की फार आजारी?

दोन्ही नाही. तोळा आणि मासा ही सोनाराची जुनी वजनं. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. दोन्ही वजनं तशी छोटीच, म्हणून 'इवलीशी प्रकृती' असा अर्थ लावायचा मोह होतो. पण इथे मुद्दा आहे तो दोन वजनांमधल्या बारापट फरकाचा. आत्ता तोळा, घटकाभराने मासा, अशी जिची चढउतार चालू असते ती प्रकृती तोळामासा. हिंदीतलं 'पल में तोला, पल में माशा' हे लहरी माणसाला लावतात. मराठीत मात्र हा शब्द तब्येतीलाच चिकटला, आणि मला तो तिथे फार चपखल वाटतो.

आजी सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालतात, शेजारणीशी गप्पा मारतात. दुपारी आभाळ भरून आलं की छाती भरते, रात्री जेवण नको होतं. परवा पुन्हा ठीक. नाव घेण्याजोगं दुखणं नाही आणि धड बरंही नाही. हे वर्षानुवर्षं चालतं.

म्हणून 'जुनाट आजार' हा त्याला पर्याय नव्हे. वीस वर्षं मधुमेह असूनही रोज टेकडी चढणाऱ्या माणसाचा आजार जुनाट, पण त्याची प्रकृती तोळामासा म्हणता येणार नाही. 'दुखणाईत' म्हणजे सरळ आजारी. अंथरूण धरलेल्याला किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णालाही 'तोळामासा' लावू नये. तिथे चढउतार संपून काळजीच उरलेली असते. बातमीत 'प्रकृती नाजूक' येतं ते अशा गंभीर अवस्थेसाठी. घरगुती बोलण्यात मात्र 'नाजूक' आणि 'तोळामासा' शेजारीशेजारी नांदतात.

वय आड येत नाही. सारखं सर्दी-तापाने बेजार होणाऱ्या मुलाबद्दलही 'त्याची तब्येत जरा तोळामासाच आहे' असं आई सहज म्हणते. शब्द जोडून लिहावा, आणि लिंगाप्रमाणे तो बदलत नाही : प्रकृती स्त्रीलिंगी असली तरी 'तोळामाशी' होत नाही.