मुद्दाम पकडलेली स्लो गाडी

डोंबिवलीच्या ताई,

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. यजमान जाऊन चार वर्षे झाली, मुलगा हैदराबादला असतो, फोर्टमधील सरकारी नोकरीतून तुम्ही 2020 साली निवृत्त झालात, आणि भजनी मंडळ, योगवर्ग, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी सगळे वार भरून टाकल्यानंतरही घरी परतल्यावर शांतता अंगावर येते म्हणून तुम्ही रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू ठेवता. स्वतःच्या सोबतीत रमायला कसे शिकावे, असे तुम्ही विचारले आहे. नणंद फोन करत नाही या तक्रारीला तुम्ही दीड पान दिले आहे. ते मी बाजूला ठेवते, कारण तिसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलेले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही : 'ग्रुपमधल्या बायका रजेवर असल्या की मी मुद्दाम स्लो गाडी पकडायचे.'

मुद्दाम! तेही लेटमार्कचा धोका पत्करून. त्या काळी जलद गाड्या 1916 सालच्या पारसिकच्या बोगद्यातून निघून जात आणि धीम्या गाड्या मुंब्र्याचा वळसा घेऊन खाडीच्या कडेने जात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मांडीवर निवडायला घेतलेली मेथीची जुडी नाही, कोणाच्या सुनेची कहाणी नाही, चौथ्या सीटवर अर्धे टेकून बसणे नाही; खिडकीशी तुम्ही आणि बाहेर खाडी. जे तुम्ही वर्षानुवर्षे चोरून केलेत, ते कसे शिकावे हे आज मला विचारता, याचा खरे तर मला थोडा रागच आला. तेव्हाचा तो तास तुम्ही स्वतः मिळवलेला होता म्हणून गोड लागला. आताचा दिवस न मागता पदरात पडला, तर तुम्ही त्याला लोकांनी टाकून दिलेल्या बाईचा दिवस समजता आहात.

येत्या बुधवारी योगवर्ग बुडवा. अकरानंतर गर्दी ओसरली की सीएसएमटीची धीमी गाडी पकडा, खिडकी मिळवा, शेवटच्या स्थानकापर्यंत जा आणि धीम्याच गाडीने परत या. सोबत कोणाला नेऊ नका आणि जाताच आहात तर म्हणून एखादे कामही काढू नका. येताना भाजीसुद्धा आणू नका. मुलाचा फोन आलाच तर गाडीत आहे एवढे सांगा. कुठे निघालीस, असे त्याने विचारले तर सांगू नका.

तुमची,
मावशी