अस्वल, कायोटी आणि तळावरची चूल : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

पश्चिम मोंटानाच्या डोंगरात सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या मराठी शिकारी मंडळींचे प्रश्न यायला लागतात. यंदा अस्वलाबद्दल जास्त आलेत. पहिला प्रश्न तब्येतीवर बेतणारा आहे, म्हणून तो आधी घेतो.

मित्राने काळ्या अस्वलाचं मटण दिलंय. दोन महिने फ्रीझरमध्ये आहे. गोठवल्यावर त्यातले जंतू मरतात म्हणे. मग हरणासारखं आतून गुलाबी ठेवून भाजलं तर चालेल ना? (बॉइझी, आयडाहो)

नाही. अजिबात नाही. हरीण पाला-गवत खातं. अस्वल मुळं-फळं खातं तसंच मेलेलं जनावरही खातं, आणि त्यातूनच त्याच्या मांसात ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या जाऊन बसतात. डुकरात सापडणारी जात गोठवल्यावर मरते, म्हणून तो समज पसरला. थंड मुलखातल्या अस्वलांमध्ये असणारी ट्रिकिनेला नॅटिव्हा ही जात फ्रीझरला दाद देत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कॅनडातल्या उत्तर सस्कॅचेवानमध्ये एक काळं अस्वल मारलं गेलं. त्याचं मांस ४५ दिवस घरच्या फ्रीझरमध्ये होतं. त्या उन्हाळ्यात साउथ डकोटात एक कुटुंब जमलं आणि त्या मांसाचे कबाब झाले. अस्वलाचं मांस मुळातच गडद, त्यामुळे शिजलंय की नाही हे रंगावरून कळत नाही. दोन-चार घास पोटात गेल्यावर ते कच्चं असल्याचं लक्षात आलं आणि कबाब पुन्हा शेकले. सहा जण आजारी पडले, तिघांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. त्या सहांपैकी दोघांनी मांसाला हातही लावला नव्हता, फक्त त्याबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. पुढे उरलेलं मांस तपासलं तेव्हा ११० दिवसांहून जास्त गोठून राहिलेल्या त्या तुकड्यांत अळ्या जिवंत होत्या, वळवळत होत्या.

म्हणून मांसाचा थर्मामीटर घ्या. सगळ्यांत जाड तुकड्याच्या मधोमध ७४ अंश सेल्सियस, म्हणजे १६५ फॅरनहाइट दिसलंच पाहिजे. खारवणं, वाळवणं, धुरी देणं यांवर भरवसा ठेवू नका. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. आपल्या घोळक्यात कुणी ना कुणी न खाणारं असतंच, त्यांची भाजी वेगळ्या पातेल्यात करा.

मी एच-१बी व्हिसावर आहे. बंदूक हातात घेतली तरी गुन्हा होतो, असं ऑफिसमधला एक जण म्हणतो. खरं का? (डेन्व्हर)

तो बरोबर सांगतोय, पण अर्धंच. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. ज्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना आहे त्याला यातून सूट आहे. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. ‘जरा धरून बघ’ म्हणणाऱ्या मित्राकडूनसुद्धा त्याआधी घेऊ नका. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी शिकारीचा सुरक्षा-वर्ग पूर्ण करावा लागतो. तो मन लावून करा. आणि व्हिसाचा प्रश्न आहे म्हटल्यावर वकिलाला एकदा विचारलेलं बरं.

काळं अस्वल आणि ग्रिझली लांबून ओळखायचं कसं? (स्पोकेन)

रंगावर जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी असतं, दालचिनीच्या रंगाचंही असतं. आकारानेही फसायला होतं. ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो, कपाळापासून नाकापर्यंतची रेष मधे खोलगट असते, कान आखूड आणि गोल, पुढच्या पायांची नखं लांब. काळ्या अस्वलाचा चेहरा बाजूने सरळ दिसतो आणि कान उठून दिसतात. एका खुणेवर निर्णय नको, दोन-तीन जुळल्या पाहिजेत. अलास्का सोडून खालच्या ४८ राज्यांत ग्रिझलीला १९७५ पासून कायद्याचं संरक्षण आहे. मोंटानात तर ओळखीची परीक्षा पास झाल्याशिवाय काळ्या अस्वलाचा परवानाच मिळत नाही.

दोन वर्षांपूर्वी हकलबेरीच्या, म्हणजे इथल्या रानटी बेरीच्या झुडपांच्या उतारावर एक तपकिरी अस्वल मी दहा मिनिटं दुर्बिणीतून बघत होतो. मान खाली घालून चरत होतं, त्यामुळे खांदा उंच वाटत होता. मग त्याने डोकं वर केलं आणि कान दिसले. काळंच अस्वल, तपकिरी रंगाचं. रायफल खांद्याला लावली तोच मागच्या झाडाच्या सालीवर नखांचा खरखर आवाज आला आणि एक पिल्लू सरसर खाली उतरलं. पिल्लांची आई मारणं इथे बेकायदा आहे, आणि कायदा नसता तरी मी मारली नसती. अस्वल एकटं दिसलं तरी थांबा. पिल्लं झाडावर असू शकतात.

ओळखीच्या मेंढीवाल्याने कायोटी मारायला बोलावलंय. शिट्टीवर ते येतात म्हणे. कायोटी म्हणजे आपला कोल्हाच ना? (शायेन, वायोमिंग)

जात वेगळी, पण चण, चाल आणि अक्कल कोल्ह्याची. इथल्या कोरड्या मुलखातला कायोटी साधारण ९ ते १६ किलोचा असतो. रात्री चार कायोटी ओरडले की पंधरा असल्यासारखं वाटतं. गावाकडे कोल्हेकुई ऐकलेल्या माणसाला तो आवाज ओळखीचा वाटेल.

शिट्टी म्हणजे जखमी सशाच्या किंकाळीची नक्कल. सगळा खेळ वाऱ्याचा आहे. कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. म्हणून बसताना ती बाजू मोकळी आणि नजरेच्या टप्प्यात राहील अशी जागा निवडा. सूर्य पाठीशी, अंगामागे झुडूप. अर्धा मिनिट वाजवा, मग गप्प बसा, मग पुन्हा. पंधरा-वीस मिनिटांत काही आलं नाही तर मुक्काम हलवा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ, केस दाट असतात आणि कातडं कामाचं असतं. लहान .२२३ काडतुसाची रायफल पुरते. लांडगा नाही ना, याची खात्री करा. लांडगा तिपटीने जड, तोंड रुंद, पाय मोठे.

आता मला जे मनापासून वाटतं ते सांगतो. वायोमिंगमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, म्हणून दिसेल तो पाडायचा असं करू नका. सरसकट मारल्याने ते संपत नाहीत. उरलेल्यांना जास्त पिल्लं होतात आणि रिकाम्या जागेत बाहेरचे येतात. मेंढीवाल्याचं नुकसान एखादी जोडी करत असते. कोकरं कुठे मेली, माग कुठून आला, हे त्याला विचारा आणि तिथेच बसा. एप्रिल-मेमध्ये मादी मारली की बिळातली पिल्लं उपाशी मरतात, ते माझ्याने होत नाही. जास्तीत जास्त मारणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बंदी घातली, मग व्हरमॉन्ट आणि न्यू मेक्सिकोनेही. ते योग्यच झालं. सोलताना मात्र हातमोजे हवेतच. कायोटीच्या आतड्यातल्या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठी होतात.

तळावर अस्वलाचं मटण मराठी पद्धतीने कसं करावं? त्याला उग्र वास येतो असं ऐकलंय. (सिअॅटल)

वासाचा निकाल चुलीवर लागत नाही, जनावर पडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत लागतो. माझं पहिलं अस्वल तिन्हीसांजेला पडलं. हवा उबदार होती, मी दमलो होतो, पोट साफ करून बाकीचं सकाळी बघू म्हटलं. कातडं जाड, खाली चार बोटं चरबी, आतली ऊब बाहेर जाणार कुठून? सकाळी मांडीत सुरी घातली तर हाडाजवळचं मांस हिरवट-करडं आणि आंबूस. दोन्ही मांड्या टाकाव्या लागल्या. ती गोष्ट अजून मनातून जात नाही. तेव्हापासून बॅटरीच्या उजेडात का होईना, लगेच सोलतो, फऱ्या आणि मांड्या वेगळ्या करून सुती पिशव्यांत घालतो आणि सावलीत, वाऱ्यावर टांगतो.

दुसरी गोष्ट चरबी. अस्वल मासे किंवा मेलेलं जनावर खात असेल तर वास चरबीत उतरतो. छोटा तुकडा तव्यावर गरम करून हुंगा. वाईट वास आला तर मांसावरची चरबी पूर्ण काढून टाका. हकलबेरीवर पोसलेल्या अस्वलाची चरबी मात्र ठेवण्यासारखी. बारीक तुकडे, वाटीभर पाणी, मंद आच. लोणी कढवताना जसं बघत बसतो तसंच. पाणी आटून तुकडे तांबूस झाले की फडक्यातून गाळा. गार झाल्यावर पांढरीशुभ्र होते. रश्श्याची फोडणी मी तिच्यातच करतो.

रश्श्यासाठी पुढच्या फरीचं मांस घ्या. कांदे सालीसकट निखाऱ्यात भाजा, सुकं खोबरं वाटीसकट आचेवर धरा, लसूण आणि आलं घालून दगडावरच ठेचा. घरून आणलेला काळा मसाला, हळद, मीठ. आणि कुकर घेऊन जाच. अडीच हजार मीटर उंचीवर पाणी साधारण ९१-९२ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात फरी तासन्‌तास हलत नाही. कुकरमध्ये पाऊण तासात बोटाने तुटते, आणि ७४ अंशांची काळजीही मिटते. वाटण मागाहून घाला, म्हणजे तळाला लागत नाही. ज्वारीचं पीठ नेलं असेल तर भाकरी सपाट दगडावर नीट भाजली जाते.

अस्वलाचं कातडं पुण्याला नेता येईल का? (सॉल्ट लेक सिटी)

फोटो न्या. काळं अस्वल साइट्स (वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय) करारात आहे, देशाबाहेर न्यायला निर्यातीचा परवाना लागतो, आणि भारतातले वन्यजीव कायदे कडक आहेत. चरबीची बरणीसुद्धा बॅगेत टाकू नका.

रात्री मांस आणि भांडी कुठे ठेवायची? मुलं बरोबर असतात. (मिसूला)

तंबूपासून शंभर यार्ड लांब. स्वयंपाकही तिथेच. मांस जमिनीपासून १० फूट उंच आणि खोडापासून ४ फूट बाहेर लोंबेल असं टांगा, किंवा अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत ठेवा. मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, कुत्र्याचं खाणं हेसुद्धा त्यातच. खरकटं पाणी तंबूजवळ ओतू नका. ज्या कपड्यांत रस्सा केला ते अंगावर घालून झोपू नका, तेही पेटीत टाका. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा) सॅकच्या तळाशी नको, कमरेला हवा, आणि त्यावरची मुदत निघण्याआधी वाचा. मुलांना लघवीला जायचं असेल तर त्यांनी आधी मोठ्यांना उठवायचं, हे पहिल्या रात्रीच ठरवून टाका.