गावं, शेतं आणि प्राचीन वास्तू एकाच पायवाटेवर पाहायच्या असतील तर दोन दिवसांचा कोणता ट्रेक करावा?

माझं उत्तर: नाणेघाट ते जुन्नर. सातवाहनांच्या काळात कोकणातली बंदरं आणि जुन्नर यांना जोडणारा हा व्यापारी मार्ग होता.

कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने वैशाखरेच्या पुढे उतरा. आधी जंगल, मग दगडी पायऱ्यांची चढण. दोन-तीन तासांत गुहा येते. इथे घाई करू नका. भिंतींवर नागनिका या सातवाहन राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे कोरलेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते; आता पावलांच्या खुणा आणि वर नावं तेवढी उरलीत. कडेने ऊन आलं की अक्षरं छान उठून दिसतात. लेखावर हात फिरवू नका, खडू तर मुळीच लावू नका. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे.

वर घाटघरची भातखाचरं आणि हिरड्याची झाडं. मुक्काम गावातच करा, जेवणाचं आधी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी चावंड किल्ल्याच्या पायथ्याने पूर गावचं कुकडेश्वर मंदिर पाहा. त्याचं कोरीव काम निवांत बघण्यासारखं आहे. पुढचा जुन्नरपर्यंतचा डांबरी रस्ता सरळ एसटीने किंवा जीपने पार करा, आणि वेळ उरला तर जुन्नरजवळची तुळजा लेणी. तिथलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) चुकवू नका.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. शेजारचा जीवधन किल्ला पहिल्याच खेपेत जोडू नका, त्याला वेगळा दिवस हवा.