वाचकांचे प्रश्न : कायदा बदलतो कसा?

प्रश्न : कायदा एकदा केल्यावर तो पुन्हा का बदलावा लागतो? आणि आमच्यासारख्या सामान्य माणसाच्या पत्राला त्यात काही किंमत असते का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : कधी समाज पुढे जातो, कधी न्यायालय कायदाच रद्द ठरवते आणि मागे पोकळी राहते. वाळीत टाकण्याविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ बहिष्कृत कुटुंबांना नेमका आधार नव्हता. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध २०१३ पासून आपल्या नाशिकमधून जी चळवळ उभी राहिली, तिच्यामुळे पीडित माणसे उघडपणे बोलू लागली, आणि विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केलेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ मध्ये अमलात आला.

आता पत्राविषयी. कायद्याच्या आधारे सरकार जे नियम करते, त्यांतील अनेकांचे मसुदे अंतिम होण्यापूर्वी राजपत्रात (सरकारच्या अधिकृत प्रकाशनात) प्रसिद्ध होतात आणि त्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात. तेथे ‘हा नियम अन्यायकारक आहे’ एवढेच लिहिल्यास काही साधत नाही (संतापाची पत्रे फार येतात). नियमाचा क्रमांक, त्यातील खटकणारा शब्द, त्याऐवजी सुचवलेला शब्द आणि आपल्याला आलेला अनुभव असे चार ओळींत लिहावे, आणि पोच जपून ठेवावी. मूळ कायद्यातच दुरुस्ती हवी असेल तर आपल्या आमदारांना लेखी निवेदन द्यावे, कारण अशासकीय विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेला कायद्याचा प्रस्ताव) मांडण्याचा अधिकार त्यांना आहे; अशी विधेयके क्वचितच मंजूर होतात, परंतु त्यानिमित्ताने सरकारला सभागृहात उत्तर द्यावे लागते.