आधी ती वही परत द्या

ऐरोलीहून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी बारावी सायन्सला, ८४ टक्के. कॉम्प्युटरला जावं अशी आमची इच्छा. तिनं मात्र पामतेलाच्या सांडपाण्यातून गॅस करायचं खूळ घेतलंय. त्यावर वही भरली होती, ती मी कपाटात कुलपात ठेवली. हल्ली माझ्याशी बोलत नाही. गोबरगॅसला इंजिनिअर कशाला लागतो? मुलीनं घाणीत काम करायचं का? तिला समजवा.’

साहेब, मला काळजी वाटली ती त्या कुलपाची. परीक्षेत न येणारा विषय बारावीतली मुलगी आपणहून वहीत उतरवते, हे माझ्याकडे येणाऱ्या मुलांत क्वचित दिसतं. ते तुम्ही काढून घेतलंत. आणि ‘बोलत नाही’ हे एवढ्याशा वाक्यात उरकलंत! चूक तुमची आहे, सुधारायचीही तुम्हीच.

इंजिनिअर लागतो. एक टन कच्चं पामतेल काढताना साधारण अडीच-तीन टन सांडपाणी निघतं; तपकिरी, आंबट, ८० अंशांच्या आसपास तापलेलं. मलेशिया-इंडोनेशियात ते वर्षानुवर्षं उघड्या तळ्यांत सोडलं गेलं. तिथं ते कुजतं आणि मिथेन हा जळाऊ वायू थेट हवेत जातो. तेच निववून बंद टाकीत जिवाणूंच्या हवाली केलं, तर घनमीटरमागे २५-३० घनमीटर बायोगॅस मिळतो. पण टाकीतली आम्लता वाढली की मिथेन करणारे जिवाणू मान टाकतात, आणि गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढला नाही तर त्यावर चालणारं इंजिन गंजतं. हे सांभाळायला शिकलेलं माणूसच लागतं.

आता मुलीसाठी. बाळा, पामफळ तोडल्यावर लवकर गाळावं लागतं, म्हणून पामतेलाच्या गिरण्या मळ्यांजवळ असतात. आपल्याकडे मुख्यतः आंध्र-तेलंगणात. न्हावाशेवा बंदरात जहाजानं येतं ते नुसतं तेल. पण महाराष्ट्रात डिस्टिलऱ्यांचा स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी आहे, साखर कारखान्यांची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी आहे, आणि टाकीतलं शास्त्र तेच. म्हणून पदवीलाच पर्यावरणाची अरुंद शाखा घेऊ नकोस. केमिकल घे, पर्यावरण एम.टेक.ला. सीईटी-जेईई तुम्हाला ठाऊक आहेच. माटुंग्याचं आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) यादीत वर ठेवा.

साहेब, वही आजच तिच्या हातात द्या. मग महापालिकेची परवानगी काढून ऐरोलीतलंच मलप्रक्रिया केंद्र दोघं मिळून बघून या. घाणीत काम करण्याबद्दलचा तुमचा प्रश्न तिथल्या इंजिनिअरला तुम्हीच विचारा, मुलीसमोर.