देव रागावलाय का, असं लेकरानं विचारलं तर

इंग्लंडमधल्या लीड्सहून सोलापूरच्या एका लेकीचं पत्र आलंय. तिच्या नऊ वर्षांच्या मुलानं वर्गमित्राची फुटबॉलची कार्डं उचलली आणि विचारल्यावर खोटं बोलला. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला हे कळलं. ती म्हणाली, "देव बघतोय हं, शिक्षा करील." त्या रात्रीपासून पोरगं प्रार्थनेला बसत नाही. आई विचारते, देव रागावतच नाही असं सांगून टाकू का?

ताई, सलाम. तसं सांगू नका. चोरीचं देवाला काहीच वाटत नसेल, तर ज्याची कार्डं गेली त्याच्या रडण्याचंही काही वाटत नाही असा अर्थ होतो. देव पवित्र आहे आणि देव प्रीती आहे; प्रीती आहे म्हणूनच त्याला अन्यायाचा राग येतो. आजी खोटं बोलल्या नाहीत, पण गोष्ट अर्धीच सांगितली.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा विसावा अध्याय उघडा. दहा आज्ञांची सुरुवात 'करू नको'नं होत नाही. आधी देव सांगतो, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून तुम्हांला मी बाहेर आणलं. सुटका आधी, नियम नंतर. आज्ञा पाळल्या म्हणून त्यानं इस्राएलाला आपलं केलं नाही. आपलं केल्यावर कसं राहायचं ते शिकवलं. मुलाला हा क्रम कळू दे, माझा सगळा भर यावरच आहे.

'पाप' शब्दाचंही बघा. आपल्याकडे पाप म्हटलं की पुण्य आलंच, आणि मग दोघांचा जमाखर्च. पोरगा उद्या म्हणेल, भांडी घासू लागलो, आता फिटलं. ख्रिस्ती शिकवणीत असं फिटत नाही. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द हामार्तिया. त्यात नेम चुकण्याचा अर्थ आहे. १६४७ सालची वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तरांची पुस्तिका, तर आज्ञा मोडणं आणि आज्ञेला उणं पडणं, दोन्ही पापच धरते. म्हणजे आजी, तुम्ही, मी, सगळेच आलो.

घरात सोलापुरी चादर असेलच, ती मुलापुढे पसरा. मागावर उभा धागा तुटला आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर खोट तिथंच राहत नाही, पुढच्या कापडात रेघ उतरत जाते. चोरीमागून खोटं आलं, खोट्यामागून प्रार्थना सुटली. विणकर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो. धाग्याला स्वतःची गाठ मारता येत नाही. येशू वधस्तंभावर गेला तो याच कामासाठी, असं त्याला सांगा.

कार्डं मात्र त्यानं स्वतःच्या हातानं परत द्यायची. तुम्ही सोबत जा, बोलू त्याला द्या. प्रार्थनेची सक्ती नको. पहिला माणूस आदाम आज्ञा मोडून झाडांआड लपला तेव्हाही देवानं आधी विचारलं ते "तू कोठे आहेस?" एवढंच. रात्री त्याच्या उशाशी बसून त्या दिवशीची तुमची एखादी चूक देवाला मोठ्यानं सांगा. आई कबुली देते हे त्यानं ऐकलेलं नसणार.

आणि आजींवर चिडू नका. सोलापूरचं घड्याळ तुमच्या उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असतं, तेव्हा शाळेतून आल्या आल्या फोन लावा, त्या जेवून निवांत असतील. येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट त्यांनाच सांगू द्या. घर सोडून गेलेला तो पुत्र परत येताना अजून लांब असतानाच बाप धावत सुटला, हे तुमच्या मुलानं आजीच्या तोंडून ऐकावं.